चर्चा: पानांच्या अर्कातून केलेले चांदीचे नॅनोकण लेशमानियावर औषध ठरतील का?

निंबोळी
कडुनिंबाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण करणं हा मुंबईच्या एम.एस्सी. प्रकल्पांतला नेहमीचा विषय. माझं मत स्पष्ट आहे: हे काम वहीत पडून राहू नये. बिकानेर भागात त्वचेचा लेशमानिया, म्हणजे वालुमाशीच्या चाव्यातून येणारा परजीवीचा रोग, आहे. त्यावर अँटिमनीयुक्त औषधाचं इंजेक्शन थेट फोडात देतात, पुन्हा पुन्हा, आणि ते फार दुखतं. भाजलेल्या कातडीवर १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन आपण वर्षानुवर्षं लावतोच. मग चांदीचं मलम का नको?
कृती सोपी आहे. १० ग्रॅम ताजी पानं १०० मिली पाण्यात १० मिनिटं उकळून गाळायची. १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या ९० मिली द्रावणात हा अर्क १० मिली घालायचा. पिवळट द्रावण तपकिरी झालं आणि प्रकाश शोषणाचं शिखर ४२० नॅनोमीटरच्या आसपास आलं की कण तयार.

ऊर्ध्वपातित
कोणत्या पाण्यात, ते लिहा! काचसामान नळाच्या पाण्याने विसळून तसंच वापरलं की पालिकेच्या पाण्यातलं क्लोराइड चांदीला धरतं. आधी दुधाळ गढूळपणा येतो, उजेडात तो जांभळट-करडा होतो. ते सिल्व्हर क्लोराइड, नॅनोकण नव्हेत. शेवटचं विसळणं ऊर्ध्वपातित पाण्यानेच हवं. शिवाय कण सेंट्रिफ्यूजमध्ये बसवून तीनदा धुवा, नाहीतर उरलेलं सिल्व्हर नायट्रेटच परजीवी मारतं आणि श्रेय कणांना जातं. कण खाली बसल्यावर वर उरलेलं पाणी, नुसता अर्क आणि तेवढ्याच चांदीचं नायट्रेट, हे तिन्ही तुलनेसाठी कंट्रोल म्हणून हवेतच.

मॅक्रोफेज
निंबोळी, साफ असहमत. बहुतेक चाचण्या प्रोमॅस्टिगोटवर होतात, म्हणजे वालुमाशीच्या पोटातल्या, शेपटीवाल्या रूपावर. रुग्णात असतो बिनशेपटीचा गोल अमॅस्टिगोट, तोही मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीच्या, आत. फ्लास्कमध्ये पोहणारा परजीवी मेला, यावरून मलमाची स्वप्नं बघू नयेत.
एमटीटीचे, म्हणजे जिवंत पेशींत जांभळ्या होणाऱ्या रंगद्रव्याच्या चाचणीचे, आकडेही तपासून घ्या. अर्कातले पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीला जांभळं करतात, त्यामुळे मेलेला परजीवी जिवंत दिसतो. टीएचपी-१ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या रक्तपेशी) पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारख्या करून चिकटवा, एकास दहा परजीवी घाला, २४ तासांनी बाहेर उरलेले धुऊन टाका, मग कण द्या. ७२ तासांनी गिम्सा या रंगाने रंगवून दर १०० पेशींमागे अमॅस्टिगोट मोजा. डोळ्यांनी मोजायला वेळ लागतो, पण फसगत होत नाही. मॅक्रोफेजला मारणारी मात्रा परजीवीला मारणाऱ्या मात्रेच्या निदान दहापट नसेल, तर तिथेच थांबा.

निंबोळी
पेशींची चाचणी आधी, हे मान्य. पण मलमाची कल्पनाच मोडीत काढू नका. १५ टक्के पॅरोमोमायसिन या प्रतिजैविकाचं मलम याच रोगावर चालतं. वरून लावलेलं औषध पोचतं, याचा तो पुरावाच आहे.

मॅक्रोफेज
पॅरोमोमायसिनचा रेणू जेमतेम ६१६ डाल्टन वजनाचा, म्हणजे अगदी छोटा. २० नॅनोमीटरचा कण त्यापुढे अजस्र आहे, आणि न फुटलेल्या गाठीवर कातडीचा वरचा थर शाबूत असतो. फुटलेल्या व्रणातून वाट मिळेल, पण तिथल्या स्रावात क्लोराइड आणि प्रथिनं भरपूर, आणि दोन्ही चांदीला अडवतात. तुमचं मलम आधी फ्रांझ सेलमध्ये (कातडीतून औषध किती उतरतं ते तपासायच्या काचेच्या भांड्यात), डुकराच्या कानाच्या कातडीवर ठेवा आणि त्वचेच्या खालच्या थरात किती चांदी उतरली ते आयसीपी-एमएस या धातू मोजणाऱ्या यंत्राने मोजा.

ऊर्ध्वपातित
कान देवनारच्या कत्तलखान्यातून आणणार असाल तर केस काढण्यासाठी गरम पाण्यात घालण्याआधीचेच मागून घ्या. गरम पाण्यातून निघालेल्या कातडीचा अडसर ढिला पडलेला असतो. तिच्यातून काहीही आरपार जाईल आणि निंबोळींचं मलम फुकट पास होईल.