जॉन्सनला सेल्मासाठी मानायचं की दा नांगसाठी दोषी धरायचं?

रानवाट
७ मार्च १९६५, रविवार. अलाबामातल्या सेल्मा गावी कृष्णवर्णीयांसाठी मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या सुमारे सहाशे जणांवर एडमंड पेटस पुलापाशी पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मोर्चाच्या पुढे असलेल्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसच्या कवटीला तडा गेला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन मरीन व्हिएतनामात दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. दोन्ही दिवशी राष्ट्राध्यक्ष एकच, लिंडन जॉन्सन.

माझं मत स्पष्ट आहे. युद्धाचा डाग मान्य करूनही जॉन्सनचं नाव मोठ्या राष्ट्राध्यक्षांत घ्यायला हवं. आधीचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हयातीत नागरी हक्कांचं, म्हणजे वंशभेदाला बंदी घालणारं, विधेयक अडकूनच पडलं होतं. दक्षिणेकडचे सिनेटर महिनोन् महिने भाषणं लांबवून ते रोखून धरत. जॉन्सन स्वतः टेक्सासचे. कोणाला कुठे चुचकारायचं, कुठे दाबायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. १० जून १९६४ ला सिनेटमधली ही चर्चा बंद करण्यासाठी ६७ मतं हवी होती, ७१ मिळाली. त्यातलं एक कॅलिफोर्नियाच्या क्लेअर एंगल यांचं. मेंदूच्या कर्करोगाने त्यांची वाचा गेली होती. चाकाच्या खुर्चीतून सभागृहात आणलं, नाव पुकारलं, तेव्हा त्यांनी बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळा आणि होकार, दोन्हींचा उच्चार ‘आय’. मत नोंदवलं गेलं, आणि पुढे विधेयकाचा कायदा झाला.

पुढच्या वर्षी मताधिकाराचा कायदा आला. मिसिसिपीत नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार ७ टक्केसुद्धा नव्हते, ते १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या आसपास गेले. हे काम छोटं नाही.

सांजवेळ
असहमत. कायदा पुलावर डोकी फोडून घेणाऱ्यांनी मिळवला, जॉन्सननी त्यावर सही केली.

फॅनी लू हेमर यांचंच घ्या. मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणारी कृष्णवर्णीय बाई. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मालकाने मळ्यावरून हाकललं. १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात बेदम मारलं. ऑगस्ट १९६४ मध्ये जॉन्सनच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, त्या हे सगळं सांगत होत्या. तेवढ्यात जॉन्सननी व्हाइट हाउसमध्ये घाईघाईने पत्रकारांना बोलावलं, कॅमेरे तिकडे वळावेत म्हणून. दक्षिणेतली गोरी मतं हातची जाऊ नयेत ही त्यांना काळजी. वाहिन्यांनी त्याच संध्याकाळी हेमरबाईंची साक्ष दाखवली, ही गोष्ट वेगळी.

रानवाट
सांजवेळ, हेमरबाईंशी ते जे वागले ते लाजिरवाणंच होतं. पण रस्त्यावरचा रेटा कायद्यात उतरवायला सिनेटमधली मतं लागतात, आणि ती जमवणारा दुसरा कोणी त्या वेळी मला तरी दिसत नाही.

काळाकातळ
दोन वेगळी खाती उघडून हिशोब करताय, तिथेच चूक होते आहे. मे १९६४ मध्ये जॉन्सन सल्लागार मॅकजॉर्ज बंडींना फोनवर सांगतात की व्हिएतनाम लढण्याच्या लायकीचं नाही, पण बाहेरही पडता येत नाही. संभाषण ध्वनिमुद्रित आहे. म्हणजे कळत होतं! तरी ऑगस्टमध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकन जहाजांवर न झालेल्या दुसऱ्या हल्ल्याच्या जोरावर काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, युद्धाची मोकळीक घेतली. सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मतं. शेवटी ५८,००० हून जास्त अमेरिकन गेले आणि व्हिएतनामी तर कित्येक लाख. मला या आकड्यापुढे ‘डाग’ हा शब्द वाचवत नाही.

मार्टिन ल्यूथर किंगनी ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये नेमकं हेच मांडलं. गरिबी हटवायचा पैसा युद्ध गिळतंय, आणि घरी न मिळालेल्या स्वातंत्र्यासाठी कृष्णवर्णीय पोरं आठ हजार मैलांवर मरताहेत. चळवळीतल्या जवळच्या लोकांनीही त्यांना तेव्हा बोल लावले. बरोबर वर्षाने, त्याच तारखेला, मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली.

आंबेमोहर
मला यात तटस्थ राहता येत नाही, कारण आमच्या घराने जॉन्सनच्या सहीचं खाल्लंय. त्याआधी अमेरिकेत स्थायिक व्हायला भारतीयांना वर्षाला शंभर जागांचा कोटा होता. ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने तो मोडला आणि चार वर्षांनी काका पुण्याहून न्यू जर्सीला गेले. धाकट्या आत्याचं शिक्षण त्यांच्या पैशावर झालं. त्यामुळे रानवाट यांच्या बाजूने माझं मत. काळाकातळ यांना उत्तर मात्र माझ्याकडे नाही.

सांजवेळ
एक प्रसंग राहून गेला. मे १९६६, अलाबामातल्या माँटगोमरीजवळचं वेटम्प्का गाव. दोन्ही कायदे झालेले. व्हिएतनाममध्ये पडलेल्या एकोणीस वर्षांच्या कृष्णवर्णीय सैनिकाचं शव घरी आलं, आणि गावाच्या दफनभूमीत बेवारस-गरिबांच्या कोपऱ्याखेरीज त्याला जागा नाही असं सांगितलं गेलं. आईने ती नाकारली. शेजारच्या जॉर्जिया राज्यात, अँडरसनव्हिलच्या राष्ट्रीय दफनभूमीत, यादवी युद्धात गेलेल्या उत्तरेच्या सैनिकांशेजारी त्याला पुरलं.