'त.', 'तर्फ' आणि 'तर्फे' : गावाच्या नावातला मधला शब्द

अनुवादिनी : कर्जत तालुक्यातील जमिनीच्या एका खरेदीखताचे इंग्रजी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. मिळकतीच्या वर्णनात 'मौजे माणगाव त. वरेडी, ता. कर्जत, जि. रायगड' असे लिहिले आहे. आधीच्या भाषांतरकाराने 'त.' आणि 'ता.' यांत फरक न केल्यामुळे एकाच गावाला दोन तालुके मिळाले होते. मी 'त.' म्हणजे 'तर्फे' असा उलगडा केला, तेव्हा मजकूर तपासणाऱ्या वकिलांनी विचारले, की हे माणगाव वरेडीच्या वतीने नेमके काय करते? खरा शब्द तर्फ की तर्फे, आणि इंग्रजीत तो तसाच ठेवावा की त्याचा अर्थ द्यावा, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उल्हासकाठ : मी त्याच भागातला आहे. आमच्याकडे बोलताना नुसते माणगाव म्हणतात, 'तर्फे वरेडी' फक्त सात-बारावर आणि निवडणुकीच्या यादीत दिसते. तर्फ म्हणजे काही गावांचा गट. रायगड जिल्ह्यात माणगाव नावाचा एक स्वतंत्र तालुका आहे, त्यामुळे कागदावर हे शेपूट नसते तर घोटाळा झाला असता. मात्र हे शेपूट तालुक्यापासून वेगळे ओळखता यावे म्हणून कोणी मुद्दाम जोडलेले नाही. जुन्या कागदांत मौजे अमुक, तर्फ तमुक, प्रांत फलाणा असाच गावाचा पत्ता लिहीत. त्यातला प्रांत गेला, तर्फ राहिली आणि तालुका व जिल्हा नंतर येऊन तिच्या मागे बसले.

शब्दवेल्हाळ : वकीलसाहेबांच्या शंकेचे उत्तर व्याकरणातच आहे. 'संस्थेतर्फे', 'सरकारतर्फे' यांतील तर्फे हे शब्दयोगी अव्यय आहे आणि ते आधीच्या शब्दाला जोडून लिहिले जाते. 'माणगाव तर्फे वरेडी' यात तर्फेचा माणगावाशी काही संबंध नाही, तो पुढच्या वरेडीशी आहे. म्हणजे ही फोड 'माणगाव, तर्फे वरेडी' अशी हवी. मधला स्वल्पविराम गाळल्यामुळे हा सगळा प्रश्न उद्भवला आहे.

दोन्ही तर्फे मुळात एकाच अरबी 'तरफ' शब्दाचे आहेत, ज्याचा अर्थ बाजू किंवा दिशा असा होतो. आता त्यातल्या ए-कारासंबंधी माझे मत सांगतो. तो ए-कार फारसी इजाफतीचा, म्हणजे दोन नामांना जोडणाऱ्या 'इ'चा आहे. तरफ-इ-वरेडी, म्हणजे वरेडीची तरफ. मौजे, कसबे, किल्ले या सगळ्यांची घडण हीच आहे. 'किल्ले रायगड' म्हणताना आपण एकाच किल्ल्याविषयी बोलतो, तरी अनेकांना ते अनेकवचन वाटते आणि काही जण आदरार्थी बहुवचन म्हणून त्याचे समर्थनही करतात. तो 'रायगडचा किल्ला' अशा अर्थाचा फारसी समास आहे, इतकेच.

पन्हाळकर : इजाफतीचा सिद्धान्त देखणा आहे, पण तो आमच्या कोल्हापुरात येऊन अडखळतो. पन्हाळा तालुक्यात पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव अशी दोन गावे आहेत. येथे लेखनात आणि बोलण्यात तर्फच आहे, तर्फे नाही. कागल तालुक्यात कसबा सांगाव आणि मौजे सांगाव अशी शेजारशेजारची नावे आहेत. एकाच गावनावात कसब्याची इजाफत गळाली आणि मौज्याची तेवढी टिकली, हे कसे? माझ्या मते 'तर्फे' हे मराठी सामान्यरूप आहे. 'तर्फेतील गावे', 'तर्फेचा देशमुख' असे म्हणता म्हणता ते रूप सुटे झाले. जाता जाता सांगतो, की 'पोर्ले तर्फ ठाणे' असा पत्ता घातलेली लग्नपत्रिका एकदा ठाणे जिल्ह्याचा प्रवास करून, लग्न लागून गेल्यावर आमच्याकडे पोहोचली होती.

शब्दवेल्हाळ : कसब्याच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. 'कसबा' हा शब्द मराठीत स्वतंत्रपणे रुळला, लोक 'कसब्यात जाऊन येतो' असे म्हणू लागले, त्यामुळे त्याचे मूळ रूप परत आले. 'मौजात जाऊन येतो' असे कोणी म्हणत नाही, म्हणून मौजे जसेच्या तसे गोठून राहिले. सामान्यरूप आपोआप सुटे होते असे मानायचे, तर दुसरे एखादे उदाहरण द्यावे लागेल.

स्वभाषाभिमानी : तर्फ की तर्फे यावर येथे खल चालला आहे, परंतु हे परके शब्द आपण अजून का वागवायचे, हे कोणीच विचारत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला, तो कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळावेत म्हणूनच. मग आज स्वतःच्या राज्यात 'वरेडी गट' किंवा 'वरेडी विभाग' लिहायला काय हरकत आहे? भाषांतर करताना तरी हा बदल करता येईल.

जुने दप्तर : माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली, म्हणून थोडे कठोर बोलतो. खरेदीखतातील गावाचे नाव बदलण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. अभिलेखात जे अक्षर आहे ते आणि तेवढेच दुसऱ्या लिपीत उतरावे. नाहीतर उद्या मोजणी एका गावची आणि दस्त दुसऱ्या गावचा अशी वेळ येते. दुसरे असे, की तर्फ काढायची तर जिल्हा, तालुका, मौजे, महाल, कसबा आणि मामलेदार हेही काढावे लागतील. मग पत्त्यात गावाचे नाव आणि पिनकोड एवढेच राहील.

शिवाय हे शब्द परके राहिले आहेत का, हाही विचार व्हावा. बहमनी राज्यात गुलबर्गा, दौलताबाद, बीदर आणि वऱ्हाड अशा चार तरफा होत्या, म्हणजे एकेक तरफ एका प्रांताएवढी होती आणि तिचा तरफदार मोठा सरदार असे. बहमनी वजीर महमूद गवानने पुढे चाराच्या आठ केल्या. मराठेशाहीत तर्फ परगण्याहून लहान झाली, तिच्यावर हवालदार आला. आज तर्फ गावाच्या नावातली दोन अक्षरे होऊन बसली आहे आणि हवालदार पोलीस चौकीत गेला आहे. हुद्दा आणि मुलूख दोघेही बरोबरीने उतरणीला लागलेले पाहायचे असतील, तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. शब्दाला आपल्या घरात इतका चढउतार सोसावा लागल्यावर त्याला पाहुणा म्हणणे बरे दिसत नाही.

स्वभाषाभिमानी : चढउतार सोसला म्हणून नागरिकत्व मिळते, हा नियम मान्य केला तर इंग्रजी शब्दांनाही तोच लावावा लागेल. तेव्हा मात्र आपल्यापैकी अनेक जण माझ्या बाजूला येतील.

उल्हासकाठ : बाजूचा विषय निघालाच आहे तर सांगतो, की 'जिल्हा' या शब्दाच्या अरबी मुळाचा अर्थही बाजू किंवा बरगडी असाच आहे. म्हणजे 'तर्फे वरेडी, जि. रायगड' यात आपण दोनदा बाजूच सांगतो. आणि शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात जी तरफ शिकलो, तिच्याशी या तर्फेचे नाते जोडण्याचा प्रयत्न आमच्या एका गुरुजींनी केला होता. वतनदारांनी लोकांवर याच तरफेने जोर लावला, असे ते सांगत. खरे-खोटे वतनदार जाणोत.

मूळ मुद्दा असा, की कर्जतची ही तर्फ रायगड जिल्ह्याहून बरीच जुनी आहे. कुळाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, स्वतंत्र झाला 1869 मध्ये, आणि तेव्हा कर्जत त्यात नव्हतेच. पनवेल 1883 मध्ये आणि कर्जत 1891 मध्ये ठाण्यातून काढून कुळाब्याला जोडले गेले. जमिनीचा उतार पाहिला तर ठाण्याचाच हक्क जास्त होता. आमची उल्हास राजमाचीखालून निघते आणि बदलापूर, कल्याणकडे जाते. अंबा, कुंडलिका, सावित्री या कुळाब्याच्या नद्यांशी तिचा संबंध नाही. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते 1981 मध्ये. त्या रायगड किल्ल्यापासून कर्जत इतके दूर, की आमच्याकडची जुनी माणसे कितीतरी वर्षे कुळाबाच म्हणत राहिली.

पन्हाळकर : कुळाबा म्हणजे अलिबागचा किल्ला हे ठाऊक आहे, पण मुंबईचा कुलाबा आणि हा एकच शब्द आहे का? कोणी कोळ्यांशी नाते जोडते, कोणी अरबीतून आणते.

शब्दवेल्हाळ : त्यासाठी वेगळी चर्चा सुरू करावी, नाहीतर येथे आंग्रे आणि इंग्रज दोघेही येतील. उल्हासकाठ यांना एवढेच विचारतो, की कर्जत तालुका कुळाब्यात आला तेव्हा खालापूर हा त्याचा महाल होता ना?

उल्हासकाठ : महाल नव्हे, पेटा. पनवेलचा उरण पेटा, पेणचा नागोठणे पेटा आणि कर्जतचा खालापूर पेटा. तालुक्याच्या पोटातला, पण स्वतःची कचेरी असलेला भाग म्हणजे पेटा.

जुने दप्तर : पेटा खरा, परंतु त्याच्या कचेरीत बसणाऱ्या अधिकाऱ्याला महालकरी म्हणत, पेटेकरी नव्हे. त्यामुळे लोकांनी त्या भागालाच महाल म्हटले, तर त्यात चूक काढता येणार नाही.

शब्दवेल्हाळ : अधिकाऱ्याच्या नावावरून मुलखाचे नाव ठरवायचे, तर तालुक्याला मामला म्हणावे लागेल. सरकारी लेखनात पेटा असेल, तर पेटाच.

जुने दप्तर : सरकारी लेखनात 'त.' सुद्धा आहे, आणि त्यावरून ही चर्चा येथवर आली आहे. महालकऱ्याच्या सहीचे कागद मी हाताळले आहेत. मी महालच म्हणणार.