घरटॅक्ससोबत आगीचा वेगळा कर मागून राह्यले, हो म्हणावं का?

आऊटररिंगवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरच्या दक्षिणेकडे, मनपाची हद्द संपली की पुढच्या लेआउटमध्ये राहतो, म्हणजे ग्रामपंचायतीत. यंदा मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवरच्या वाळल्या गवतानं पेट घेतला अन् आग पार कंपाऊंडपर्यंत आली. 101 ला फोन लावला तर पहिले हद्द कोणाची हेच विचारलं. गाडी आली, त्या पोरांनी जीव लावून काम केलं, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणं नाही, पण तोवर एकाचं शेड अन् दोन बाईक जळून गेल्या होत्या. आता गावात विषय निघालाय की घरटॅक्ससोबत आगीसाठी वेगळी रक्कम घ्यायची अन् आपली स्वतःची फायरची गाडी आणायची, पुढच्या ग्रामसभेत येईल म्हणतात. बाबा म्हणतात द्या, बाजूचे काका म्हणतात शहराची गाडी शहराच्या करातून येतेच, एक पैसा देऊ नका. मला पैशाचं एवढं नाही, वर्षाचे हजार गेले तरी चालतील, पण त्यानं खरंच आमची घरं वाचतील का हे कोणी समजावून सांगा. वाडीच्या कोविड हॉस्पिटलला एप्रिल 2021 मध्ये आग लागली होती, ते डोक्यातून जात नाही. वाडी पण मनपाच्या बाहेरच ना.

दलातून_निवृत्त:
भाऊ, हो म्हणण्याआधी एक विचारा, गाडीवर बसणार कोण? गाडी एकदाच घ्यायची असते, तिच्यासाठी आमदार निधी, शासनाची योजना, काही ना काही मिळून जाते. केंद्रानं 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी 5000 कोटींची योजना आणली आहे, अशा पैशातून साधनं उभी राहतात. पण एका गाडीवर ड्रायव्हर, लीडिंग फायरमन अन् चार फायरमन धरा, तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, आजारपण, सगळं मिळून वीस-बावीस माणसं लागतात अन् त्यांचा पगार दर महिन्याला लागतो. हे कोणत्याही एका ग्रामपंचायतीला झेपणारं नाही, मी अगदी स्पष्ट सांगतो. गाडी शेडमध्ये उभी, बॅटरी उतरलेली, ड्रायव्हर पाण्याच्या टँकरवर गेलेला, असं होऊ देऊ नका.
शहरात नरेंद्रनगर, सक्करदरा, त्रिमूर्तीनगर, लकडगंज अशी केंद्रं आहेत ती महापालिका मोठी आहे म्हणून चालतात. 1949 च्या महापालिका कायद्यात कलम 129 मध्ये सामान्य कराबरोबर आगीच्या खर्चासाठी वेगळी टक्केवारी लावायची सोय आहे, शहरातले लोक ती भरतात. त्यामुळे बाजूच्या काकांचं म्हणणं बरोबर नाही, शहरवाल्यांच्या त्या करात तुमच्या गावाचा पैसा नसतो.
माझं मत असं की तुमच्यासारखी पाच-सहा गावं एकत्र या, एक केंद्र मागा, अन् ते होईपर्यंत शहराच्या दलासोबत लेखी करार करा. कोणत्या केंद्रावरून गाडी निघेल, शुल्क कोण देईल, सगळं आधी ठरलेलं असलं की फोनवर हद्द विचारायची पाळीच येत नाही.

हिशोब_आधी:
माझा विरोध आहे अन् तो काही कंजूषपणा नाही. प्लॉट नियमित करताना आम्ही विकास शुल्क भरलं, त्यात रस्ता नाली सगळं धरलं होतं, कुठे आहे ते? ही रक्कम कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेता ते आधी लेखी द्या. अन् पैसा वेगळ्या खात्यात ठेवणार का? नाही तर आगीच्या नावानं जमा होईल अन् लाईटच्या बिलात जाईल. सहा मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कार लागतात, तिथून फायरची गाडी वळून तरी दाखवा. रस्ता मोकळा ठेवायला कर लागत नाही, ते आजच करता येते.

डेन्व्हरची_नागपूरकर:
मी मूळची प्रतापनगरची, आता कोलोरॅडोत. इकडे शहराबाहेरच्या वस्त्यांसाठी फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट असतात, दादांनी पाच-सहा गावांचं म्हटलं ना, बरंचसं तेच. त्यांचं बोर्ड लोक निवडून देतात अन् त्यांचा कर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात वेगळ्या ओळीत दिसतो. हिशोब असा की घर 5 लाख डॉलरचं असेल अन् असेसमेंट, म्हणजे किमतीच्या जेवढ्या भागावर कर बसतो तो, 7 टक्के धरलं तर कर 35,000 वर लागतो, दर 10 मिल म्हणजे हजाराला 10 डॉलर, झाले वर्षाचे 350. दर वाढवायचा तर 1992 पासून लोकांचं मतदान घ्यावं लागतं, बोर्ड मनानं वाढवू शकत नाही.
पण हेही बिनभांडणाचं नाही हं. इथे 1982 च्या एका घटनादुरुस्तीमुळे घरांचा असेसमेंट रेट 21 टक्क्यांवरून 7.15 पर्यंत घसरत गेला, त्यात खेड्यांकडच्या फायर डिस्ट्रिक्टचे फार हाल झाले, शेवटी 2020 मध्ये मतदान करून ती दुरुस्ती काढली. आता घरांच्या किमती वाढल्या तर लोक म्हणतात बिल कमी करा अन् दलवाले म्हणतात मग माणसं कमी करावी लागतील.
एक मात्र नक्की सांगते, ज्यानं पैसे भरले त्याचीच आग विझवायची असं काही करू नका. टेनेसीत ओबायन काउंटीत 2010 मध्ये एका माणसानं 75 डॉलरची वार्षिक फी भरली नव्हती म्हणून दल येऊन उभं राहिलं अन् त्याचं घर जळू दिलं, भरलेल्या शेजाऱ्याचं शेत तेवढं वाचवलं. वाचून मला रात्रभर कसंतरी झालं होतं. कर असेल तर सगळ्यांवर अन् गाडी पण सगळ्यांसाठी.

आऊटररिंगवाला:
खूप आभार सगळ्यांचे, बाबांना वाचून दाखवलं. ग्रामसभेत आम्ही लेखी देतो की नुसत्या गाडीसाठी कर नको, आजूबाजूच्या गावांना घेऊन केंद्राचा ठराव करा, तोवर शहराशी करार, खातं वेगळं अन् दरवर्षी त्याचा हिशोब बोर्डावर. कलम पण विचारतो. दादा, ठराव होईपर्यंत लेआउटमध्ये आम्ही स्वतः काय करू शकतो?

दलातून_निवृत्त:
पाणी बघा पहिले. गाडीत साडेचार हजार लिटर असते, दोन नोझल पूर्ण सोडले तर काही मिनिटांत टाकी रिकामी, मग भरायला कुठे जायचं? सोसायटीची जमिनीखालची टाकी असेल तर बोअरवर कायम भरलेली ठेवा अन् पाईपला 63 मिमीचं कपलिंग म्हणजे जोडणी बसवून घ्या, आमचा होज, म्हणजे पाण्याची नळी, त्यालाच लागतो. बसवायच्या आधी जवळच्या केंद्रावर जाऊन एकदा दाखवा, ते येऊन बघतात. अन् मार्च लागला की मोकळ्या प्लॉटवरचं गवत कापून टाका, प्लॉटमालक पुण्यात असो की दुबईत, वर्गणी काढून कापा.