ओझूंचे सिंगापूरमधील दिवस

जपानी चित्रपट दिग्दर्शक यासुजिरो ओझू आयुष्यभर तोक्योच्या मध्यमवर्गीय घराबाहेर पडलेच नाहीत, म्हणून त्यांच्या चित्रपटांत बाहेरचे जग दिसत नाही, असे एक मत मांडले जाते; ते त्यांच्या चित्रपटांपुरते बऱ्याच अंशी मान्य करता येईल. त्यांच्या चरित्राला मात्र ते लागू पडत नाही. 1937 मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीत बोलावणे आल्यावर ते सुमारे दोन वर्षे चीनमधील आघाडीवर होते, आणि तेही विषारी वायूच्या वापराशी संबंधित तुकडीत.

आपल्याला अधिक जवळचा भाग त्यानंतरचा आहे. 1943 मध्ये जपानी लष्कराने त्यांना सिंगापूरला पाठवले ते भारताच्या स्वातंत्र्यलढ्यावर, म्हणजे सुभाषचंद्र बोस आणि आझाद हिंद फौज यांच्या संदर्भात, प्रचारपट करण्यासाठी. युद्धाचे पारडे फिरल्यामुळे तो पूर्ण झाला नाही आणि शरणागतीच्या वेळी पटकथेसह झालेले चित्रीकरणही जाळून टाकण्यात आले. (ओझूंच्या स्थिर कॅमेऱ्यापुढे ‘चलो दिल्ली’ची घोषणा कशी दिसली असती, याची कल्पना करणे मला तरी जमत नाही.) हाताशी काम नसलेल्या त्या काळात जप्त केलेले अमेरिकी चित्रपट त्यांनी मोठ्या संख्येने पाहिले, ‘सिटिझन केन’ त्यांतलाच एक. युद्धानंतर काही महिने अटकेत काढून ते फेब्रुवारी 1946 मध्ये मायदेशी परतले. एवढे पाहून आलेला माणूस पुढे मुलीच्या लग्नाची आणि रिकाम्या होणाऱ्या घराची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिला, तो अनुभवाच्या अभावामुळे नव्हे, तर जाणीवपूर्वक केलेल्या निवडीमुळे, असे मला वाटते.