आग का लागली, हे शोधायला बंबावरच्या जवानांना शिकवावं का?

सडेकर: घर जळो वा काजूचा कारखाना, आधी पोहोचतात नगरपरिषदेच्या बंबावरचे जवान, गावातून पोलीस पाटील. फॉरेन्सिकवाले येईपर्यंत राख उपसलेली असते. म्हणून नमुना घेण्यापर्यंतचं प्रशिक्षण यांनाच द्या. ओल्या मातीत मुरलेलं पेट्रोल जीवाणू खातात, त्यामुळे माती लवकर हवाबंद करून गोठवावी लागते. कोरा पत्र्याचा डबा दोन तृतीयांशच भरायचा, कारण वरच्या मोकळ्या जागेत जमणारी वाफच प्रयोगशाळा तपासते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून ती निघून जाते. दर नमुन्याला नवे हातमोजे, आणि संशय नसलेल्या कोपऱ्यातला तसलाच तुकडा तुलनेला वेगळा.

बंदरकाठ: साफ असहमत. डबा भरणं सोपं, कुठून भरायचा तेच कठीण. फ्लॅशओव्हर झाला, म्हणजे तापून सगळी खोली एकदम पेटली, की जमिनीवर रॉकेल ओतल्यासारखेच डाग उमटतात. काचेला बारीक भेगा म्हणजे कुणीतरी आग भडकवली, हे अजूनही छातीठोक सांगतात. त्या भेगा तापल्या काचेवर आपलंच पाणी पडल्याने येतात. काजूच्या टरफलाचं तेलही फरशीत मुरून असंच जळतं. दोन दिवसांचं शिबिर करून आलेला 'जाणकार' शेजाऱ्याला आत घालवेल. आणि ओला माल भरलेला पत्र्याचा डबा आपल्या खाऱ्या हवेत किती टिकेल? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी तपासाच्या कायद्याच्या, कलम 176(3) प्रमाणे 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर यायचंय. जाळपोळ त्यात बसते. जवानाने मोडतोड करू नये, बस्स.

सडेकर: त्याच कलमात हे लागू करायला राज्यांना 5 वर्षांपर्यंत मुदत आहे, तेही सांगा. गंजाला उपाय म्हणजे आगीच्या नमुन्यांसाठीची नायलॉन पिशवी. आणि 'मोडतोड नको' हेच तर शिकवावं लागतं! आग आटोक्यात आल्यावरही जेट मारत राहिलं की तारा आणि राख पडवीतून अंगणात. तेव्हा फवाऱ्यावर या. कौलं-वासे ओढायच्या आधी फोटो. मीटरजवळचा स्विच चालू होता की बंद, ते टिपल्याशिवाय हात लावू नका. पंपात, कटरमध्ये पेट्रोल लांब, रस्त्यावर भरा. नाहीतर सापडेल ते आपलंच.

आमराई: बागांचं काय? फेब्रुवारी ते मेपर्यंत कातळावरचं गवत पेटतं, बंब तिथे चढत नाही आणि पंचनाम्यात 'अज्ञात कारण'. वाऱ्याविरुद्ध हळू सरकणाऱ्या आगीत गवताची काडी बुंध्याशी जळते आणि तुरा बहुधा आग जिकडून आली तिकडे पडतो. जांभ्यावर काजळी चटकन दिसत नाही, दगडफूल कुठल्या अंगाने करपलंय ते पाहा. वर तारा असतील तर खाली ॲल्युमिनियमचे गोळे शोधा आणि तारेवरच्या खाचांचे फोटो वायरमन जोड द्यायच्या आत काढा. तुकडा एकदा गेला की गेला.

बंदरकाठ: एका काडीवरून दिशा ठरवू नका, वारा फिरला, उतार आला की खुणा उलटसुलट होतात. पन्नासेक काड्या बघा, झेंड्या लावा, फोटो काढा. इथवर शिकवायला हरकत नाही. पण फोम, प्लास्टिक जळल्यावरही तसाच वास येतो, तेव्हा नाकाच्या भरवशावर 'पेट्रोल टाकलेले आढळले' असं पंचनाम्यात लिहायचं नाही. डबा मी अजूनही त्यांच्या हातात देणार नाही.

सडेकर: आणि पावसाळ्यात घाट बंद असला, फॉरेन्सिकवाले पोहोचलेच नाहीत तर?