फुंकरीवर चालणारं बोलकं यंत्र: माइक घ्यावा की प्रेशर सेन्सर?

सांगलीकर_प्र:
नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना (वडिलांचे थोरले भाऊ) मोटर न्यूरॉनचा आजार (स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी होत जातात) आहे. हात चालत नाहीत आणि बोलणं फक्त घरच्यांनाच कळतं. डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख आहे, मॅच लागली की स्कोअर आमच्या आधी त्यांना पाठ असतो. २०१४ साली पानिपतच्या अर्श शाह दिलबागी या शाळकरी मुलाने गूगल सायन्स फेअरमध्ये श्वासाचे मोर्स संकेत (लांब-आखूड खुणांची लिपी) करून बोलणारं यंत्र मांडलं होतं. त्यात छोटा माइक होता. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तसंच काहीतरी बनवायचंय. माइक बरा की प्रेशर सेन्सर? बीएमपी२८० स्वस्त मिळतोय, तो चालेल का?

सोल्डरगन_पुणे:
प्रेशर सेन्सर घ्या. माइकला डोक्यावरचा पंखा, खोकला, टीव्ही सगळंच ऐकू येतं आणि आत ओढलेला श्वास त्याला फुंकरीपासून नीट वेगळा ओळखता येत नाही. ओढणं आणि फुंकणं असे दोन संकेत मिळाले तर एकाने निवडायचं, दुसऱ्याने रद्द करायचं. आप्पांचे कष्ट निम्मे होतील.

बीएमपी२८० हवामानाचा सेन्सर आहे. त्याला नळी बसवायला तोंडच नसतं, हवाबंद डबी करावी लागते, आणि दिवसभरात हवेचा दाब बदलला की शून्य सरकतं. एमपीएक्सव्ही७००२डीपी पाहा. रेंज उणे २ ते अधिक २ किलोपास्कल, ५ व्होल्टवर चालतो, काहीच दाब नसताना २.५ व्होल्ट देतो आणि दर किलोपास्कलला १ व्होल्ट सरकतो. विमानाची मॉडेलं उडवणारे वेग मोजायला हाच वापरतात, त्यामुळे तयार बोर्डावर मिळतो. ४० किलोपास्कलवाले स्वस्त मॉड्यूल रक्तदाबाच्या यंत्रासाठी ठीक आहेत. हलक्या फुंकरीसाठी ती रेंज फार मोठी आहे.

सोबत ईएसपी३२ (सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) घ्या. साधा घ्या, एस२ नको, त्यात ब्लूटूथ नाही. सेन्सर ४.५ व्होल्टपर्यंत जातो आणि ईएसपीच्या पिनला ३.३ च्या वर चालत नाही, म्हणून मध्ये १० के आणि २० केचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) लावा. ईएसपीला ब्लूटूथ कीबोर्ड करा आणि अँड्रॉइडमधलं स्विच ॲक्सेस चालू करा. पडद्यावर चौकट सरकत राहते, हवं तिथे आली की फुंकर. मोर्स शिकायची गरज नाही, गूगलचा मराठी आवाजही फोनवर मिळतो.

वाचोपचार_नाशिक:
खरेदीच्या आधी एक बघा: आप्पांचे ओठ नळीभोवती घट्ट मिटतात का? मोटर न्यूरॉनमध्ये ओठ आणि टाळू कधीकधी लवकर सैल पडतात आणि हवा बाजूने किंवा नाकातून निसटते. फुंकरीचा दाब गालांनी तोंडातच तयार होतो, छातीतून जोर लावायची गरज नसते. म्हणूनच व्हेंटिलेटरवरची माणसंही अशी यंत्रं चालवतात.

घरी मोजायचं तर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात भिंतीवर चिकटवून अर्धी पाण्याने भरा. फुंकल्यावर दोन्ही बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटर फरक पडला म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. या नळीत त्यांना फक्त फुंकू द्या, ओढू अजिबात देऊ नका. गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या घशात पाणी जाणं धोक्याचं आहे.

आणि कृपा करून त्यांचा आवाज आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा. "पाणी", "कूस बदल", नातवंडांची नावं, त्यांच्या ठेवणीतल्या शिव्यासुद्धा. अडखळत असला तरी तो त्यांचा आवाज आहे.

सांगलीकर_प्र:
ताई, काल मोजलं. ४ सेंटिमीटर येतं, संध्याकाळी दमल्यावर ३ च्या खाली. सेन्सरला पुरेल का? लाळेचं काय करायचं? डीएफ प्लेअर मिनी (मेमरी कार्डवरचा आवाज वाजवणारा छोटा बोर्ड) घेऊन ठराविक वाक्यं वाजवावीत की सगळं फोनवरच ठेवावं?

सोल्डरगन_पुणे:
पुरेल. ३ सेंटिमीटर म्हणजे ०.३ किलोपास्कल, सेन्सरवर ०.३ व्होल्टची उडी, डिव्हायडरनंतर ०.२. एवढी ईएसपीला सहज कळते. पण सकाळ-संध्याकाळचा फरक पाहता किती दाबाला फुंकर धरायची हे कोडमध्ये पक्कं करू नका. डबीवर पोटेन्शियोमीटरचं बटण ठेवा, काकूंना फिरवता आलं पाहिजे.

लाळेसाठी सेन्सर तोंडापेक्षा उंच ठेवा आणि मध्ये ०.२ मायक्रॉनचा पीटीएफईचा सिरिंज फिल्टर लावा. दुकानात 'हायड्रोफोबिक' (पाणी न शोषणारा) म्हणूनच मागा. नायलॉनचा ओला झाला की हवा अडते. तोंडाजवळचा नळीचा तुकडा रोज बदला.

डीएफ प्लेअर जरूर घ्या. फोन हँग झाला, चार्जिंग संपलं, तरी लांब ओढलेल्या श्वासावर "इकडे या" वाजलंच पाहिजे. त्याच्या आरएक्स (संदेश घेणाऱ्या) पिनला १ केचा रेझिस्टर टाका, नाहीतर स्पीकर गुणगुणतो. पॉवर बँक घेताना दुकानातच तपासा, कमी करंट ओढला की बऱ्याच बँका आपोआप बंद होतात, आणि ते रात्री झालं तर कोणाला कळणार नाही.

वाचोपचार_नाशिक:
डबीला ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅकही ठेवा. अपंगांसाठीचे बहुतेक तयार स्विच त्याच पिनचे असतात. पुढे फुंकर जमेनाशी झाली तर गालाचा किंवा बोटाचा स्विच लावता येईल, आप्पांना बाकी काही नव्याने शिकावं लागणार नाही.

सांगलीकर_प्र:
जॅकचं डोक्यातच नव्हतं. शनिवारी पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जातोय, तिथे सेन्सर नाही मिळाला तर ऑनलाइन मागवतो. रेकॉर्डिंग आज रात्रीच सुरू करतो.