गिटलॅबमध्ये व्हेरिएबल पुढच्या जॉबला देताना
गिटलॅबची पाइपलाइन म्हणजे कोड बिल्ड करून सर्व्हरवर चढवणाऱ्या कामांची साखळी, त्यातलं एकेक काम म्हणजे जॉब. बिल्ड जॉबमध्ये एक्स्पोर्ट केलेला (शेलच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेला) इमेजचा टॅग, म्हणजे कंटेनर इमेजच्या आवृत्तीचं नाव, डिप्लॉय जॉबमध्ये रिकामा का येतो, हा मूळ प्रश्न. येणारच. प्रत्येक जॉबचं शेल वेगळं, बहुतेकदा कंटेनरही नवा. जॉब संपला की एक्स्पोर्टही गेला.

यावर काही जण टॅगची फाइल कॅशेमध्ये (वेळ वाचवण्यासाठी जपून ठेवलेल्या फाइलींत) ठेवायचं सुचवतात, ते कृपया करू नका. कॅशे मिळेलच याची हमी नसते. जुना टॅग हाती आला तर चुकीची आवृत्ती प्रॉडक्शनवर जाते आणि पाइपलाइन मात्र हिरवीगार दिसते.

त्याऐवजी बिल्डमध्ये ‘IMAGE_TAG=मूल्य’ अशी ओळ एका फाइलीत लिहा आणि ती फाइल पाइपलाइनच्या .gitlab-ci.yml मध्ये आर्टिफॅक्ट्स (जॉबने मागे ठेवलेल्या फाइली), त्याखाली रिपोर्ट्स, त्याखाली डॉटएन्व्ह (artifacts, reports, dotenv) अशी जाहीर करा. पुढच्या स्टेजमधल्या (टप्प्यातल्या) जॉबना व्हेरिएबल आपोआप मिळतं. डिप्लॉयला नीड्स (needs, म्हणजे आधी कोणते जॉब हवेत त्याची यादी) लावलं असेल तर त्यात बिल्डचं नाव हवंच, नाहीतर पुन्हा रिकामं.

रूल्समध्ये (rules, म्हणजे जॉब चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या अटींत) मात्र हे व्हेरिएबल चालत नाही. रूल्स पाइपलाइन तयार होतानाच तपासले जातात, तेव्हा बिल्ड सुरूही झालेलं नसतं. अट स्क्रिप्टमध्येच घाला. अनेक ओळींचं मूल्यही यातून जात नाही.

आणि पासवर्ड, टोकन यातून अजिबात पाठवू नका, ती फाइल आर्टिफॅक्ट म्हणून साठवली जाते. ते प्रोजेक्टच्या सीआय/सीडी सेटिंग्जमध्ये मास्क करून (लॉगमध्ये दिसणार नाही असं) ठेवा.